तिसरा उद्गार आणि बिस्किटांचा डबा

गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार पाळकांकडे, शेवटचा बाहेरून बोलावलेल्या वक्त्याकडे. तिसरा आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं महिला संघाकडे असतो, कारण त्यात आई आहे. लहानपणापासून त्या उद्गारावर मी मरियेच्या दुःखाबद्दल ऐकत आलो. उपवासकाळातल्या एका बुधवारच्या सभेत मात्र आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर सोय लावणं आहे. श्वास पुरत नाहीये, तरी मुलगा आईची व्यवस्था करतोय. कोणाच्या घरी राहायचं, कोणी बघायचं, दोघांना समोरासमोर सांगून."

त्या वाक्यानं सभेचा रोख बदलला. तोवर मागच्या बाकावरचे एक आजोबा कुरकुरत होते की आम्ही अजून जिवंत आहोत, मरणाच्या तयारीचा हा विषय कशाला. ते गप्प झाले नाहीत, पण पुढच्या बुधवारी वही घेऊन आले.

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या ज्या मंडळ्यांना हा विषय काढायचाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मंडळी प्रॉटेस्टंट असो की कॅथलिक, मराठी असो की कोकणी. इतरांनीही वाचावा, वारसाहक्काचा भाग सोडला तर बाकी सगळं सर्वांना सारखंच लागू आहे.

उपवासकाळच का? एरवी हा विषय घरात काढला की "शुभ बोल" असं कोणीतरी म्हणतंच. राखेच्या बुधवारी मात्र आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार, याची आठवण करून द्यायलाच चर्च आपल्याला बोलावतं. कॅथलिक चर्चमध्ये तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात घेतलेल्या झावळ्या जाळून ती राख कपाळावर लावतात. विषय आधीच समोर आहे, फक्त त्याला कागद-पेन जोडायचंय. रविवार वगळून चाळीस दिवस मिळतात. तेवढ्यात चार संध्याकाळी आणि थोडी धावपळ एवढ्यावर काम होतं.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. पहिल्याच संध्याकाळी वकील बोलावले. लगेच चर्चा मृत्युपत्रावर गेली, मृत्युपत्रावरून खोलीवर गेली, आणि खोलीवर गेली की गिरगावात चर्चा उरत नाही, भांडण होतं. पहिल्या संध्याकाळी एकच प्रश्न ठेवा. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्या वतीनं डॉक्टरांशी कोणी बोलावं? प्रत्येकानं चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, चिठ्ठी स्वतःजवळच ठेवायची. मग दुसरा प्रश्न, त्या माणसाला हे ठाऊक आहे का? आमच्याकडे पहिल्या प्रश्नाला पेनं भराभर चालली. दुसऱ्या प्रश्नाला नुसती चुळबुळ.

हा प्रश्न किती खोल जातो, ते परळकरांना वेगळं सांगायला नको. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हॉस्पिटलातच हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या तिथल्याच एका खोलीत होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना मरण येऊ द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ च्या निकालानं निष्क्रिय इच्छामरणाचा दरवाजा उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर किलकिला केला, पण हा अर्ज मात्र फेटाळला. कारण न्यायालयाच्या दृष्टीनं अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार विराणींचा नव्हता. तो होता वर्षानुवर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. त्या निकालाबद्दल तुमचं मत काहीही असो. खटल्याचा कणा मात्र "हे कोणाच्या शब्दावर ठरणार" हाच होता, आणि अरुणांचा स्वतःचा शब्द कुठंच नव्हता. पंचविशीतली मुलगी असलं काही लिहून ठेवत नाही. साठीतली माणसं तरी कुठं ठेवतात?

आता तो शब्द लिहून ठेवता येतो. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला कायदेशीर मान्यता दिली. पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत होती, म्हणून हा मार्ग कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं स्वतःच त्या अटी सैल केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर असलं पाहिजे, आणि कोणाच्या दबावाखाली नाही, हे त्यात यायला हवं. तुमच्या वतीनं संमती देणाऱ्या माणसाचं नाव हवं. एकापेक्षा जास्त नावं चालतात, आणि मी म्हणेन दोन द्याच. एक मुलगा दुबईत असतो, दुसऱ्याचा फोन रात्री बंद असतो. कागद कधीही रद्द करता येतो, बदलता येतो.

प्रत कोणाला द्यायची? ज्यांची नावं लिहिली त्यांना, फॅमिली डॉक्टरला, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याला. मुंबईत महापालिकेनं हे काम विभागवार आरोग्य अधिकाऱ्यांकडे सोपवलंय. परळ-लालबागकरांनी एफ साउथ, दादर पश्चिमेच्या लोकांनी जी नॉर्थ, गिरगावकरांनी पत्ता बघून डी किंवा सी वॉर्ड ऑफिस गाठावं. खिडकीवरच्या माणसाला हा कागद नवीन असू शकतो, म्हणून दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. मंडळीतल्या पाच-सहा जणांनी मिळून जायचं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला परत पाठवणं सोपं असतं.

हा कागद म्हणजे बटण नव्हे. वेळ आली की हॉस्पिटलमध्ये आधी एक वैद्यकीय मंडळ बसतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावं, अशी अपेक्षा आहे. दोन्ही सहमत असतील आणि तुम्ही नेमलेल्या माणसांची संमती असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालय आहेच. कागद नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीनं हीच प्रक्रिया होते. पण मग तो निर्णय तुमचा राहत नाही.

त्या निर्णयाचं ओझं काय असतं, ते मी एका रात्री अनुभवलंय. माझी आत्या मध्य मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात होती. रात्री अडीचला एक तरुण डॉक्टर बाहेर आले, हातात इंग्रजी फॉर्म. "सगळं करायचं ना?" आम्ही तिघं भावंडं एकमेकांकडे बघायला लागलो. मीच म्हणालो, "हो, सगळं करा." पुढचे अकरा दिवस त्या 'सगळं'चा अर्थ मला काचेच्या दारातून रोज थोडा थोडा कळत गेला. ती शाळामास्तरीण होती, चुकीचं वाक्य तिला सहन व्हायचं नाही, आणि घशात नळी असल्यामुळे ती शेवटचं एक वाक्यही बोलू शकली नाही.

म्हणून दुसऱ्या संध्याकाळी वकील नको, डॉक्टर किंवा नर्स बोलवा आणि 'सगळं' म्हणजे काय ते फोडून सांगायला लावा. व्हेंटिलेटर कधी थोड्या दिवसांचा पूल असतो आणि कधी मुक्कामच ठरतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात तेव्हा ऐंशीतल्या माणसाच्या बरगड्या मोडू शकतात. डायलिसिस कशासाठी, नाकातून किंवा पोटातून अन्नाची नळी कशासाठी. यातलं पंचावन्नव्या वर्षी अपघातानंतर हवंच आणि पंचाऐंशीव्या वर्षी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात नको, असं लिहिता येतं आणि तसंच लिहावं. "मला त्रास नको" हे वाक्य डॉक्टरच्या कामाचं नाही. कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको, हे कामाचं. आणि वेदनाशमन, स्वच्छता, सोबत कधीही थांबवायची नाही, हेही त्यात लिहा.

ख्रिस्ती माणसाला हे चालतं का, हा प्रश्न येणारच, आणि तो दाबू नये. जीव घेणं आणि मरणाला वाट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅथलिक चर्चनं १९८० च्या घोषणापत्रात हे स्पष्ट केलंय की फायद्याच्या मानानं ओझंच जास्त असे उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे शेवटी हॉस्पिटलमध्ये परत गेले नाहीत. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, २ एप्रिल २००५ रोजी, ते आपल्या खोलीतच वारले. एक बारकावा कॅथलिक वाचकांनी लक्षात ठेवावा. नळीनं दिलेलं अन्नपाणी शरीर स्वीकारत असेल तोवर ते थांबवू नये, अशी रोमची भूमिका आहे. तेव्हा त्या ओळीबद्दल आपल्या फादरना विचारून मगच सही करा. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एवढा नेमका आदेश नाही. मोकळीक आहे, आणि मोकळीक आली की जबाबदारीही येते.

उपचार थांबवणं म्हणजे माणसाला टाकून देणं, ही भीती घालवायला शब्दांपेक्षा पत्ते उपयोगी पडतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं 'शांती अवेदना सदन' १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांना सांभाळतंय. देशातलं ते पहिलं हॉस्पिस. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दुखण्यासाठी मॉर्फिन मिळण्यातले परवान्यांचे अडथळे कमी झालेत. "मॉर्फिन दिलं म्हणजे आता संपलं" असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, त्यांना या संध्याकाळी मुद्दाम आणा.

घरीच जायचं, असं ठरवणाऱ्यांसाठी एक अगदी साधी गोष्ट. मृत्यू घरी झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टर देतात, आणि तो देणाऱ्या डॉक्टरनं पेशंटला अलीकडे पाहिलेलं असावं लागतं. कित्येक चाळींतले जुने फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करून गेले, नवीन कोणाशी ओळख झालीच नाही. मग पहाटे दाखल्यासाठी धावाधाव होते, आणि कोणीच दाखला दिला नाही तर प्रकरण पोलीस आणि शवविच्छेदनाकडे जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिन्यातून एकदा तरी घरी येऊन बघणारा डॉक्टर आजच ठरवा. एकवीस दिवसांत मृत्यूनोंद करायची. दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या, प्रत्येक बँक, प्रत्येक कंपनी एक मागते.

आणि आता तिसऱ्या संध्याकाळचा विषय, डबा.

आत्या गेल्यावर कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुन्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. वर निळा रंग, एका कोपऱ्यात गंज. आत भाडेपावत्यांचा रबरानं बांधलेला गठ्ठा, रबर हात लावताच तुटलं. माझ्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला. शिवडीच्या कबरीची पावती, घडीच्या जागी फाटलेली, मागून टाचणी लावलेली. आणि एका पाकिटावर तिच्या सुवाच्य अक्षरात, 'माझ्या मातीच्या वेळी'. आत दोन हजार रुपये, आणि त्या नोटा नोटाबंदीत बाद झालेल्या. आम्ही तिघंही तिथेच खाली बसून हसलो आणि मग रडलो. पण त्या पावतीमुळे एक मोठी अडचण टळली. कौटुंबिक कबर उघडायची तर ती कोणाच्या नावावर आहे ते दाखवावं लागतं, आणि नाव माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं निघालं. त्या शाखेतला एकजण नालासोपाऱ्यात राहतो, हे ठाऊक होतं म्हणून सकाळी दहाच्या आत सही मिळाली.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड महापालिका आयुक्त असताना सुरू झाली. आज तिथं नवी कबर मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये. जुन्या कबरीत नवं दफन, अस्थी काढून कोनाड्यात ठेवणं, हा रिवाज मुंबईच्या जागेनं सगळ्याच ख्रिस्ती लोकांना शिकवलाय. तेव्हा पावती शोधा, आता ती कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि नाव बदलायचं असेल तर ज्याची सही लागेल तो माणूस जिवंत असतानाच बदला.

दहनाचा पर्यायही खुला आहे. कॅथलिक चर्चनं १९६३ मध्ये दहनावरची बंदी उठवली. २०१६ च्या सूचनेनुसार मात्र रक्षा घरी ठेवायची नाही, वाटायची नाही, विखुरायची नाही. ती दफनभूमीत किंवा चर्चनं ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायची. मराठी ख्रिस्ती माणसाला तर याचा जुना दाखला घरचाच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. आपलं दहन व्हावं ही त्यांची इच्छा होती, ती पाळली गेली आणि रक्षा नगरला नेली. शंभर वर्षांपूर्वी, मंडळीत कुजबूज होणार हे माहीत असताना, त्यांनी स्वतःचा शब्द मागे ठेवला होता. अलीकडचं उदाहरण पोप फ्रान्सिस यांचं. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी एक छोटं इच्छापत्र लिहिलं. कोणत्या चर्चमध्ये पुरायचं, कबर जमिनीत आणि साधी हवी, वर फक्त नाव हवं, एवढंच. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते गेले आणि लिहिल्याप्रमाणे झालं. एका पानात मावतं.

तुमच्या पानावर काय असावं? दफन की दहन, कुठं, कोणत्या नातेवाइकासाठी थांबायचं आणि कोणासाठी नाही. पेटी कसली. पेटीबद्दल जरा सांगतो, कारण हे फक्त चाळीतल्यांनाच कळतं. आमच्या गिरगावच्या चाळीत जिना लाकडी आणि मधल्या वळणावर इतका अरुंद की पेटी वळतच नाही. ती खाली चौकातच ठेवतात आणि माणसाला चादरीत घेऊन चौघं जण उलटे पायऱ्या उतरतात. माझे काका गेले तेव्हा हे कोणालाच आधी सुचलं नव्हतं. पेटी अर्ध्या जिन्यात अडकली आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी खालून ओरडून सांगितलं, "अहो, तिरकी करू नका, खाली न्या आधी." खर्चाचंही लिहून ठेवा. महागडी पेटी ही मेलेल्या माणसाची हौस फार क्वचित असते. मागे राहिलेल्यांना लोक काय म्हणतील, याचीच ती किंमत असते. मंडळीनं स्वतःच्या दोन-तीन साध्या पेट्यांची व्यवस्था आणि एक छोटा अंत्यविधी निधी ठेवला तर निम्म्या घरांचा ताण जाईल. हे काम पंचमंडळाचं आहे, कुटुंबांचं नाही.

नेत्रदान करायचं असेल तर वेळ सहा तासांचा. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच करायचं आणि नेत्रपेढीला फोन करायचा. नेत्रदानानंतर चेहरा विद्रूप होत नाही, उघड्या पेटीसमोर उपासना व्यवस्थित होते. देहदानाची नोंद परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजसारख्या महाविद्यालयात करता येते, पण शवविच्छेदन झालेला देह ते घेत नाहीत, आणि जवळच्यांनी विरोध केला तर फॉर्म भरूनही उपयोग नाही. तेव्हा पुन्हा तेच, आधी घरात बोलणं.

वकिलांना चौथ्या संध्याकाळी बोलवा. तोवर लोकांचा आवाज खाली आलेला असतो.

ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला किंवा पतीला एक तृतीयांश, उरलेलं मुलांत समान. मुलगा-मुलगी असा भेद नाही, हे चांगलं. पण मुलं असतील तर मयताच्या आईला या कायद्यात काहीही मिळत नाही. मुलगा आधी गेला, सून-नातवंडं आहेत, आणि म्हातारी त्याच घरात राहतेय, अशी घरं प्रत्येक मंडळीत असतात. कायदा इथे तिसरा उद्गार विसरला. तो लक्षात ठेवणं मुलाकडेच आहे, आणि त्यासाठी मृत्युपत्र हवं. त्याला दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी ऐच्छिक, तरी भांडणाची शंका असेल तर नोंदणी कराच. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला काही देऊ नका, ते दान रद्द होतं. आणखी एक गोष्ट, जी हिंदू शेजाऱ्याकडून कळणार नाही कारण त्याला ती लागू नाही: लग्न केलं की ख्रिस्ती माणसाचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. विधुर झाल्यावर पुन्हा लग्न केलेल्यांनी जुना कागद फाडून नवा करावा. २००२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिस्ती मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं राहिलेलं नाही. एखादी सोसायटी मागेल, तिला हे दाखवा.

चर्चला काही द्यायचं असेल तर जुनी भीती बाजूला ठेवा. पुतण्या-भाचा जिवंत असताना धर्मादाय दानावर जी बंधनं फक्त ख्रिस्ती लोकांवर होती, ती २१ जुलै २००३ रोजी केरळच्या फादर जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. पण मंडळीला दान असेल तर पाळक आणि पंच साक्षीदार होऊ नयेत. कायद्यात नसलं तरी शोभत नाही.

पागडीची खोली मृत्युपत्रात लिहिणारे लालबाग-गिरगावात पुष्कळ आहेत. तो कागद चालत नाही. भाडेकरूपण ही दान देण्याची वस्तू नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ते मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातं. तेव्हा प्रश्न कागदाचा नाही, खोलीत खरंच कोण राहतं आणि रेशनकार्ड, वीजबिल काय सांगतं, याचा आहे. पुनर्विकासाच्या यादीत नाव लागण्याआधी भावंडांनी हे एकमेकांच्या तोंडावर बोलून घ्यावं.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. नॉमिनी मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीच्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हेच सांगितलं. गुड फ्रायडेची तारीख ज्या दिनदर्शिकेत बघता, तिच्याच घरातला हा निकाल. सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनीही तात्पुरता सभासद होतो, हक्क वारसांचा राहतो. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं देता येतात, ती भरून टाका, म्हणजे पैसा अडकणार नाही.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही उपासनेनंतर हॉलमध्ये चार टेबलं मांडली. एकावर नोटरी, एकावर दोन साक्षीदार कायमचे बसलेले, एकावर झेरॉक्सवाला पोरगा, एकावर चहा. कुरकुरणारे आजोबा पहिल्या रांगेत होते, आणि त्यांनी नेमलेलं नाव मुलाचं नव्हतं, सुनेचं होतं. मुलगा शेजारीच उभा होता. थोडा वेळ तो चहाचा कप हातात घेऊन गप्प राहिला, मग म्हणाला, "बरोबर आहे, हिलाच जमेल."

माझ्या आईनं तिचं पान घरी बसून लिहिलं. डबा तोच, आत्याचा, फक्त आत आता प्लास्टिकची फाइल आहे आणि पावतीला नवी झेरॉक्स. पानावर डॉक्टरांसाठी सहा ओळी, कबरीसाठी दोन, आणि बाकी सगळं पान गीतांचं. 'उपासना संगीत'मधले चार क्रमांक. तिसरा तिनं दोनदा खोडलाय. शेवटी लिहिलेल्या क्रमांकापुढे कंसात टीप आहे, चाल जुनी, ऑर्गनवर, आणि पहिल्या कडव्यानंतर घाई करू नये.